कोळसा किती खोल होता

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा आमच्या घरात पहिली सुधारणा झाली ती बैलांची. माणसांची नंतर झाली, काहींची झालीच नाही. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात भाऊबंदकी पेटली आहे, तिथला कापूस अडला आहे, म्हणून विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाकडे तोंड करून बसल्या आहेत, एवढं अकोल्याच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती लढाई कशासाठी चालली आहे हे कुणी विचारलं नाही. ती चालू राहावी म्हणून मात्र आमच्या बाबांनी मारुतीला शेंदूर चढवला. मग बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं आली, शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या, आणि पोळ्याच्या दिवशी आमची जोडी वेशीतून निघाली तेव्हा लोक बैलांना बघत होते की बाबांना, हे बाबांनाही सांगता आलं नसतं. पाठोपाठ घरात खुर्ची आली. आमच्या गल्लीतली ती पहिली. तिच्यावर बसायचं कसं हे बाबांना कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्यावर मांडी घालूनच बसत आणि पाहुणा आला की एक पाय खाली सोडत.

मायच्या स्वयंपाकात मात्र फरक पडला नाही. बाबांच्या हुकमानं कुठल्याही मंगळवारी पुरण शिजायचं, तूप वाटीनं वाढलं जायचं, पण सगळ्यांची पानं उठली की माय चुलीपुढं बसून ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणीच खायची. चटणीवर ताज्या तेलाची धार हवी, आणि ती नथ्थू तेल्याच्याच घाण्याची हवी. "दुसऱ्याच्या तेलाले वास नाई," असं ती म्हणे. नथ्थूकाकाचा घाणा आमच्या परसाच्या पलीकडे होता. सकाळी अंगण झाडण्याच्या आवाजात त्या घाण्याची करकर मिसळायची, आणि तीळ गाळायचे दिवस असले की वाऱ्याबरोबर असा काही वास येई की जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा भूक लागावी. लहानपणी तेल आणायला मला पाठवत. नथ्थूकाकाची बायको सारजाकाकी पितळी लोटा भरून देई आणि तिळाची कोमट ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, गुळाच्या खड्याबरोबर माझ्या मुठीत दाबी. ती खात मी फिरणाऱ्या बैलाकडे बघत उभा राही. नथ्थूकाका घाण्याच्या फिरत्या दांड्यावर, लाटेवर, बसल्या बसल्या माझी हजेरी घेई.

"गणपत, किती शिकला बे?"

"तिसरं पुस्तक."

"माहा बैल पाय. रोज पाच कोस चालते, अन् अजून अकोल्यातच हाय. तुह्यं तसं नोको होऊ देजो."

घाण्याचं उखळ म्हणजे एका जुनाट चिंचेचं खोड होतं, पुरुषभर जमिनीत गाडलेलं. नथ्थूकाकाच्या बापानं ते बसवलं होतं. एकदा बसवलेला घाणा हलवत नाहीत. वर्षानुवर्षं तेल पिऊन, मातीनं आवळून धरलेलं ते लाकूड उपटलं की उकलतं, आणि उकललेल्या उखळात तेल टिकत नाही. तेल्याचं सगळं घरदार त्या एका खोडाला बांधलेलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर हे प्रकरण मी लिहिलंच नसतं.

नथ्थूकाकाच्या जागेला लागून सरकारी शाळा होती. शाळा म्हणजे एक गळकं छप्पर आणि पुढं भलंमोठं मोकळं पटांगण. तिच्यावर देखरेख करायला गावातल्या प्रतिष्ठितांची एक कमिटी होती. कमिटीत सात जण होते आणि त्यांतल्या दोघांना सही करता येत होती. कापसानं बाबांना त्या सातांत नेऊन बसवलं. तिथं बसल्यावर बाबांच्या मनात आलं की शाळेला खांबांचा दिवाणखाना बांधून द्यावा आणि दारावर आपल्या नावाचा दगड लावावा. दगड आधी घडवून झाला. खांबांचं ठरायचं होतं.

मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. अकोल्यातलं शिक्षण संपवून अमरावतीला सहा महिने मास्तरकी शिकायला गेलो होतो, आणि तिथं भूगोलाच्या जोडीला जरीब, म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी, धरायला शिकलो होतो. शिकवणारा साहेब माझ्या नकाशांवर खूश असे. परत आलो तो सहायक मास्तर होऊन, डोक्यावर लाल पागोटं आणि बगलेत दुसऱ्याच्या भाषेतली तीन पुस्तकं घेऊन. गावात चारचौघं "मास्तर" म्हणू लागले. नथ्थूकाकानंही गंमत म्हणून एकदा "या मास्तर" म्हटलं, आणि मी ती गंमत आहे हे ओळखलं नाही.

दिवाणखाना बांधायचा तर जागेचा नकाशा हवा. कमिटीनं तो मला काढायला सांगितला. हंगामाचे दिवस होते. बाजारात वजनासाठी नंबर लागेपर्यंत कापसाच्या गाड्या आठ-आठ दिवस शाळेच्या पटांगणात थांबून असत. गाडीवान तिथंच तीन दगडांच्या चुली मांडून भाकरी भाजत, बैल बांधत, रात्री तिथंच झोपत. हवेत कापसाची रुई उडत असे. मुलांच्या पाटीवर, माझ्या पागोट्यावर, वरणात, सगळीकडे रुई. शाळेची आणि नथ्थूकाकाची जागा यांच्यामधे हद्दीचा एक दगड होता. तो मी शोधला आणि मला तो सापडला, घाण्याच्याही पलीकडे, नथ्थूकाकाच्या कुडाजवळ. तिथून जरीब टाकून मी मोजणी केली. रेघ ओढल्यावर घाणा शाळेच्या आवारात आला. दोन पिढ्या जागचा न हललेला घाणा सरकारी जागेत शिरला आहे, असा तो शोध होता. मला आश्चर्य वाटलं, पण संशय आला नाही. जरीब खोटं बोलत नाही, असं साहेबानं शिकवलं होतं. जरीब कुठून टाकायची हे ठरवणाऱ्याबद्दल साहेब काही बोलला नव्हता.

माय तेव्हा म्हणाली होती, "तो दगड तिथं नव्हता रे. शायेकडं होता, लिंबाच्या झाडाच्या अंगाले. मी त्याच्यावर लोटा ठेवत जाओ."

मी हसलो होतो. मायला नकाशा कळत नव्हता.

नकाशा अमरावतीला गेला. महिन्याभरानं साहेबाचं पत्र आलं: नकाशा नेटका आहे, जिल्ह्यातल्या इतर मास्तरांनी कित्ता घ्यावा. ते पत्र कमिटीत वाचून दाखवलं गेलं. ज्यांना सही येत नव्हती त्या पाचांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. बाबा त्या दिवशी खुर्चीवर दोन्ही पाय खाली सोडून बसले. लगेचच नथ्थू तेल्याच्या नावानं नोटीस निघाली, आणि नथ्थूकाकाला वाचता येत नसल्यामुळे ती घेऊन तो माझ्याकडेच आला.

"वाच बाप्पा, काय लिवलं ते. तहसीलीतून आलं म्हणतात. लग्नाचं बोलावणं त नसन."

मी वाचलं. सरकारी शाळेच्या जागेत परवानगीवाचून शिरून घाणा मांडल्याबद्दल, तो एका महिन्यात काढून न्यावा.

त्यानं कागद माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाला, "म्हणजे माहा घाणा शायेत गेला?"

"मोजणीत तसं निघालं, काका."

"मी नाई गेलो कदी, घाणा गेला! अन् मोजणी कोनं केली?"

"मी."

"तू केली." त्यानं कागदाची घडी घातली. रागावला नव्हता, एखाद्या पोराचं गणित चुकलं की मास्तर जसा पाटीकडे बघतो तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "अरे, तो दगड गाडीवानायनं नेला तिकडं, माह्या कुडापाशी गाडी लावली तवा चाकाखाली टेकू द्याले. मागच्या साली माह्या डोयानं पायला. आमी म्हटलं, ठेवतीन परत. दगडाचं काय घेऊन बसला गणपत, दगड हालते. खालचा कोयसा हालते काय?"

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण आजच्या मुलांना हे ठाऊक नाही. पूर्वी जागेची हद्द ठरली की तिथं माणसाच्या कमरेइतका खड्डा खणत. तळाशी लाकडी कोळसा, त्यावर फुटक्या मडक्यांची खापरं घालत, माती लोटत आणि वर दगड उभा करत. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि कमरेइतक्या खोलीवरून तो चोरून हलवायचा तर गावाला कळल्यावाचून राहत नाही. दगड नुसता दाखवायला. खरी साक्ष खाली. ती कुठं पुरली आहे हे वेसकराच्या घराण्यानं लक्षात ठेवायचं. आमचा वेसकर होता महारवाड्यातला सोनबा. शिवेचा तंटा झाला की सोनबानं चालत जावं आणि तो वळेल तिथं शीव वळावी, असा रिवाज होता. एरवी त्याला ओट्यावर न घेणारं गाव त्या एका कामात त्याचा शब्द मोडत नसे.

नथ्थूकाकानं तहसीलदाराकडे अर्ज केला की लिंबाच्या अंगाला खणा आणि कोळसा बघा. तहसीलदार नवे होते, कायद्याचे शौकीन. त्यांनी हुकूम दिला की दोन्ही पक्षांनी लांब राहावं, मोजणी करणाऱ्या मास्तरानं वेसकराकडून खणवून घ्यावं आणि काय निघालं ते तहसीलदारापुढं सांगावं. त्यावर पुन्हा तक्रार चालणार नाही, असा कबूलनामा दोघांनी आधी लिहून द्यावा. कमिटीतर्फे बाबांनी निशाणी केली. कुणब्याची निशाणी नांगर, तेल्याची पहार. नथ्थूकाकानं कागदावर पहार काढली आणि लिहिणाऱ्या कारकुनाला म्हणाला, "असंबी लिवा, का मास्तर सांगन ते मले कबूल हाय. पोरगं आमच्या अंगणात वाढलं."

ते वाक्य मी ऐकलं. मी तिथंच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनबा कुदळ घेऊन आला. वय सत्तरीला टेकलेलं, पण हात बारीक आणि चिवट. लिंबापासून पावलं टाकत तो एका जागी थांबला, जमिनीवर टाच आपटली आणि खणायला लागला. वीतभर गेला नाही तोच राख आणि कोळशाचे काळे तुकडे निघाले. मी वाकलो. सोनबा हसला.

"हे नोका पाहू मास्तर. ह्या गाडीवानायच्या चुली. साऱ्या पटांगणात सापडतीन. आपलं खाली हाय."

तो खणत राहिला. गुडघ्याएवढी काळी माती गेली, मग घट्ट, चिकट चोपण लागली. तो खड्ड्यात उतरला. कमरेएवढा आत गेल्यावर कुदळीचा आवाज बदलला. त्यानं कुदळ बाजूला ठेवली, हातांनी माती सारली आणि खापरांचा एक थर उघडा केला. खापरांखाली कोळसा होता, काल टाकल्यासारखा करकरीत. त्यानं एक तुकडा तळहातावर घेऊन वर धरला.

"पाहा. माह्या आज्यानं टाकला. बापानं मले जागा दाखवली, मी तुमाले दाखवली. घाणा तेल्याचाच हाय."

मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो. माझ्या डोळ्यांपुढं तेव्हा नथ्थूकाका नव्हता, घाणा नव्हता. साहेबाचं पत्र होतं. आता दुसरं पत्र जाणार: मास्तरानं गाडीवानाचा टेकू हद्द समजून मोजणी केली. जिल्ह्यातल्या इतर मास्तरांनी कित्ता घ्यावा. मी सोनबाला म्हणालो, "माती लोटून टाक."

"झाकाले काहून सांगता? तहसीलदार पायतीन ना."

"गाड्यांचे बैल फिरतात. पाय मोडेल एखाद्याचा."

सोनबानं माझ्याकडे पाहिलं, कोळसा जागच्या जागी ठेवला आणि माती लोटली. मी तेव्हा खरंच बैलांचाच विचार करत होतो अशी समजूत मी पुष्कळ वर्षं जपली. आता या वयात तिची गरज उरलेली नाही.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा आपण होऊन म्हणाले, "निकाल तेल्याकडून गेला तरी हरकत नाई. दिवाणखाना नदीच्या अंगानं फिरवून घेऊ. तसाबी तिकडं वारा चांगला हाय." वडिलांच्या धाकानं मुलगा खोटं बोलला, असं लिहिता आलं असतं तर माझी बाजू थोडी सावरली असती. पण बाबांनी मला काहीच सांगितलं नाही. त्यांनी ताटातली पोळी मोडली आणि कापसाच्या भावाकडे वळले. मीही भाताकडे वळलो.

सुनावणी शाळेच्या पटांगणातच झाली. तहसीलदारांसाठी आमच्या घरची खुर्ची गाडीवर घालून नेली होती. कमिटीनं फुलमाळ्याकडून झेंडूचा इतका मोठा हार आणवला होता की तो गळ्यात घातल्यावर तहसीलदारांना समोरचे कागद दिसेनात, आणि काढून ठेवावा तर कमिटीचा अपमान. शेवटी एका शिपायानं तो वरून धरून ठेवला. मुलांनी स्वागताचं गाणं म्हटलं, जे मीच शिकवलं होतं. मग काम सुरू झालं. एका बाजूला कमिटी, दुसऱ्या बाजूला नथ्थूकाका, सारजाकाकी आणि त्यांच्या तीन मुली. सोनबा लांब, उन्हात.

तहसीलदारांनी विचारलं, "मास्तर, दाखवल्या जागी खणलं?"

"होय साहेब."

"कोळसा निघाला?"

"निघाला."

सारजाकाकीनं दोन्ही हात कपाळाला टेकवून नमस्कार केला. नथ्थूकाका माझ्याकडे बघून हसला.

"किती खोल?"

मला वाटतं मी फार वेळ घेतला नाही. लिहिताना तो क्षण लांबतो, पण तेव्हा तो नेहमीच्या क्षणाएवढाच होता. मी म्हणालो, "एक वीत."

"म्हणजे?"

"चुलीचा असावा, साहेब. गाडीवान तिथं स्वयंपाक करतात."

सोनबा उन्हातून ओरडला, "कमरेइतका, सरकार! कमरेइतका होता! खापरं होती वरून! मी खनलं!"

तहसीलदारांनी त्याच्याकडे न बघता शिपायाला विचारलं, "हा कोण?" शिपायानं सांगितलं. "त्याला विचारलं नाही," तहसीलदार म्हणाले. "मोजणीचं शिक्षण घेतलेला माणूस समोर असताना..." आणि पुढचं वाक्य त्यांनी हातानंच पुरं केलं.

"अरे मंग खना ना आता!" सारजाकाकी उठली. "घंट्याभराचं काम हाय! कुदय आना, माह्या पोरी खनतीन! गणू, सांग ना रे! काहून गप हायस? सांग!"

कारकुनानं कबूलनामा वाचून दाखवला. पुन्हा तक्रार चालणार नाही. मास्तर सांगेल ते कबूल. खाली पहार. नथ्थूकाकानं बायकोचा दंड धरून तिला खाली बसवलं. तो आता हसत नव्हता. तहसीलदारांकडे नाही, बाबांकडे नाही, तो माझ्याकडेच बघत होता. रागानं नव्हे. आपल्या हिशोबात चूक कुठं झाली हे शोधणारा माणूस बघतो तसा. मी नकाशाची गुंडाळी सोडली आणि पुन्हा बांधली.

घाणा काढायला दोन दिवस लागले. भोवती खणून, दोर लावून चार बैलांनी तो ओढला. आमचे बैल मागायला कमिटीचा माणूस आला होता, बाबांनी दिले. चांदीची घुंगरं काढून ठेवायचं कुणाला सुचलं नाही, त्यामुळे काम चालू असेपर्यंत लग्नाच्या वऱ्हाडासारखा छनछनाट चालला होता. खोड वर आलं तेव्हा त्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला. नथ्थूकाकानं तड्यात बोट घालून पाहिलं आणि मुलींना म्हणाला, "चला." ढेपेची टोपली, लाट, जू, पितळी मापं गाडीत चढली. ते अमरावतीला गेले, असं पुढं कळलं.

त्या दिवशी मायनं मला वाढलं आणि समोर बसली. "गणू, कोयसा किती खोल होता?"

"एक वीत," मी म्हणालो.

तहसीलदारापुढं जे बोललो ते घाबरून बोललो असं म्हणता येईल. मायपुढं घाबरण्यासारखं काही नव्हतं. ती उठली आणि आपली भाकर घेऊन चुलीपुढं बसली. सोनबाला शिवेच्या कामाला पुन्हा कुणी बोलावलं नाही. त्यानंतरच्या तंट्यांत जरीब आली. त्याच्या घराण्याचा एवढा एकच मान होता, तो मी एका शब्दात काढून घेतला, हेही माझ्या ध्यानात यायला फार वर्षं जावी लागली. कारण त्याच्या बाजूनं विचार करायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

दिवाणखाना झाला नाही. समुद्रापलीकडे भावाभावांचं मिटलं आणि वऱ्हाडात सुतक आलं. कापसाचा भाव असा खाली आला की बाबांनी आधी खांब रद्द केले, मग छप्पर, मग भिंती. नावाचा दगड शिल्लक राहिला. घाण्याच्या जागेवर तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांची घोडी बांधू लागले. ज्या जागेसाठी एवढं सगळं झालं तिचा उपयोग म्हणाल तर तेवढाच.

मी त्याच शाळेत राहिलो, आणि पुढं हेडमास्तर झालो. पुष्कळ वर्षांनी मास्तरांच्या सभेसाठी अमरावतीला गेलो होतो. कापसाच्या बाजाराकडून येताना गाठी बांधणाऱ्या एका प्रेसच्या आवारात बायका कापसातला कचरा वेचत बसल्या होत्या. त्यांतल्या एका म्हातारीनं मान वर केली आणि मी तिला ओळखलं. तिनं मला आधीच ओळखलं असावं.

"गणपत ना?" सारजाकाकी म्हणाली. "लय जाडा झाला."

मी खाली बसलो. नथ्थूकाकाचं विचारलं. तो अमरावतीला आल्यावर चार वर्षांत गेला होता. दुसऱ्याच्या घाण्यावर बैल हाकायला राहिला होता, ते त्याला मानवलं नाही. मुली नांदत होत्या. धाकटी शेंदूरजनाघाटाकडे दिली होती. काकी हे सांगत असताना हातानं कापसातली पानं वेगळी करत होती. मी बरोबर आणलेलं वाक्य काढलं. ते मी कितीतरी वर्षं बरोबर बाळगून होतो.

"काकी, कोळसा कमरेइतका होता. खापरांसकट. मी खोटं बोललो."

तिचा हात थांबला नाही. "मले काय सांगतं? मले मालूम हाय. सोनबानं खनलं त्याच दिशी सांगतलं."

"मग काका बोलला का नाही?"

"काय बोलन? त्यानंच तुह्या नावानं लिवून देल्लं होतं." तिनं एक काडी उचलून फेकली. "मरेपरेंत म्हने, पोरगं चुकलं असन, त्याले वीत अन् कंबर समजली नसन. मी म्हनो, त्याले समजते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला वाटतं ते तिनं पाहावं अशी माझी इच्छा होती. तिनं पाहिलंही.

"रडून राह्यला? इथं कोन हाय पाहाले? गणपत, तू बोलला होता कुठं? शायेत. चार लोकायत, खुर्चीपुढं. तिथं जाऊन सांग. ती जागा हाय अजून, खाली कोयसाबी हाय. एका घंट्याचं काम. मले सांगून काय माहा घाणा भरून येते?"

"सांगतो," मी म्हणालो.

"सांगजो," ती म्हणाली, आणि शेजारणीशी बोलायला लागली.

हेडमास्तराला दर वर्षी सरकारात एक तक्ता भरून पाठवावा लागे. बाकं किती, पुस्तकं किती, छप्पर गळतं काय. आणि सर्वांत शेवटी एक ओळ छापलेली असे: शाळेच्या जागेच्या हद्दी समक्ष पाहिल्या, बरोबर आहेत. त्याखाली सही. मी अमरावतीहून परत आलो त्याच महिन्यात तो तक्ता आला. नवे तहसीलदार ओळखीचे होते, भला माणूस होता, ऐकून घेतलं असतं. कुदळ शाळेतच होती. माझ्या नोकरीची बारा वर्षं उरली होती, आणि पेन्शन, आणि एका मुलीचं लग्न. मी तक्ता भरला. बाकं मोजली, पुस्तकं मोजली, आणि शेवटच्या ओळीखाली सही केली. पुढच्या वर्षीही केली. अशा बारा सह्या झाल्या. आता हे कागदावर लिहिलं, पण इथं चार लोक नाहीत, खुर्ची नाही, हेही मला कळतं. सारजाकाकीनं सांगितलेली जागा ही नव्हे.